हिस्लॉपच्या शाळेत कोण बसलं होतं?

गेल्या एप्रिलात परतवाड्यात जयंतीच्या आधी आम्ही काही जण वाचनाला बसलो होतो. विषय होता शिक्षण. बोलता बोलता एक तरुण म्हणाला, "सर, खरं सांगायचं तर आपल्याला पहिल्यांदा मिशनऱ्यांनीच शिकवलं." लगेच दुसरा उसळला, "मिशनरी म्हणजे इंग्रजांचे दलाल. त्यांना आपलं काय पडलं होतं?" अर्धा तास दोघे भांडले. दोघांनाही एकसुद्धा मिशनरी नावानिशी सांगता आला नाही.

हे बरं नाही मित्रांनो. ज्या माणसाबद्दल आपण मत बनवतो त्याचं निदान नाव, साल आणि काम तरी माहीत असावं. मत त्यानंतर. म्हणून आज आपल्या विदर्भातल्याच एका मिशनऱ्याची गोष्ट मांडतो. नागपूरला टेंपल रोडवरून जाताना हिस्लॉप कॉलेजचं फाटक तुम्ही शंभर वेळा पाहिलं असेल. (टेंपल म्हणजे देऊळ नव्हे, सर रिचर्ड टेंपल. तो पुढे येणार आहे.) हा हिस्लॉप कोण, हे विचारलं तर कॉलेजात शिकलेलेही गप्प बसतात.

स्टीफन हिस्लॉप. जन्म ८ सप्टेंबर १८१७, स्कॉटलंडमधल्या डन्स गावी. शिक्षण एडिंबरो आणि ग्लासगोला. १८४३ साली स्कॉटलंडचं सरकारी चर्च फुटलं. गावाचा पाद्री कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, हा वाद होता. जमीनदाराचा हक्क न मानणारे शेकडो पाद्री पगार, घर, चर्चची इमारत सोडून बाहेर पडले आणि त्यांनी 'फ्री चर्च' काढलं. हिस्लॉप या बंडखोरांच्या बाजूचा. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळे मिशनरी म्हणजे सरकारचे पगारी नोकर हा आपला समज इथेच अडखळतो. त्याच्या घरच्या चर्चनेच सत्तेशी भांडून सरकारी आसरा सोडला होता.

१८४४ च्या डिसेंबरात तो मुंबईत उतरला आणि १८४५ च्या सुरुवातीला कामठी-नागपूरला आला. मद्रास फौजेतल्या एका कॅप्टनने देणगी दिली म्हणून हे मिशन निघालं. त्याआधी काही जर्मन कारागीर-मिशनरी गोंडांमध्ये राहायचं म्हणून अमरकंटकाकडे करंजियाला गेले होते. रोगाने त्यांच्यातले बहुतेक पटापट मेले.

तेव्हा नागपूरवर तिसऱ्या रघूजी भोसल्याचं राज्य होतं. इंग्रज रेसिडेंट शेजारी बसलेला, पण गादी भोसल्यांची. आपलं वऱ्हाड निजामाकडे, आणि परतवाड्यात हैदराबाद कंटिंजंटची छावणी. म्हणजे पुण्या-मुंबईत इंग्रजी अंमल येऊन पंचवीस वर्षं होऊन गेली तेव्हाही विदर्भातला अस्पृश्य माणूस देशी राज्यातच होता. त्या राज्यात त्याच्यासाठी शाळा असण्याचा प्रश्नच नव्हता.

हिस्लॉपने १८४६ मध्ये शाळा काढली. मराठी शिकला. रॉबर्ट हंटर नावाचा सहकारी आला. कामठीच्या छावणीत मद्रासकडचे शिपाई आणि त्यांचे नोकरचाकर होते. त्यांच्यात प्रवचन, रविवारची उपासना, बाप्तिस्मा, मर्तिक अशी सगळी पाद्रीपणाची कामं त्याने केली. म्हणजे एका बाजूला छावणीतली गरीब मंडळी आणि दुसऱ्या बाजूला शहरातली इंग्रजी शाळा. मला वाटतं, त्याच्या आयुष्याची खरी फट इथेच आहे. मंडळी एका थरातली आणि शाळा दुसऱ्या थराची.

असं का? कारण त्या काळी स्कॉटिश मिशनऱ्यांची एक ठरलेली पद्धत होती. कलकत्त्यात अलेक्झांडर डफने १८३० मध्ये ती सुरू केली. मुंबईत जॉन विल्सनने तीच चालवली, आजचं विल्सन कॉलेज त्यातूनच आलं. पद्धत अशी: आधी ब्राह्मण आणि वरच्या जातीच्या मुलांना इंग्रजी, विज्ञान, भूगोल आणि बायबल शिकवा. पुराणं आपोआप ढासळतील. शिखर पडलं की पाया कशाला उरतो? ब्राह्मण ख्रिस्ती झाला की बाकीचे मागून येतील.

आता गंमत बघा. सरकारचाही हिशेब जवळपास तोच होता, फक्त कारण वेगळं. १८२४ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने शिक्षणावर टिपण लिहिलं. मिशनऱ्यांना सर्वांत खालच्या जातीचे विद्यार्थी सर्वांत हुशार वाटतात, हे त्याने त्यात नोंदवलं. आणि लगेच इशारा दिला, की त्यांना खास उत्तेजन देताना जपून, नाहीतर आपलं शिक्षण त्यांच्यापलीकडे पसरणारच नाही आणि बाकीचा समाज त्याचा तिरस्कार करील. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे जे निवेदन दिलं, त्यात हेच टिपण पुढे ठेवून सरकारला जाब विचारला. हुशार कोण हे माहीत असूनही दार लावून घेतलं, याचा तो लेखी पुरावा होता. पुढे १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. तेही त्याच धोरणाचं फळ.

हिस्लॉपच्या शाळेकडे परत येऊ. शाळेला विद्यार्थी मिळाले. नोकरी इंग्रजीत होती, आणि इंग्रजी मिशनकडे. मग बायबलचा तास सहन करायला काय जातं? पण बाबा पांडुरंग नावाच्या एका ब्राह्मण विद्यार्थ्याने खरोखरच ख्रिस्ती व्हायचं ठरवलं, तेव्हा शहर पेटलं. भोसल्यांनी मुलगा परत मागितला आणि इंग्रज रेसिडेंटने तो राजाच्या हवाली केला. कंपनी सरकार ख्रिस्ती धर्म पसरवायला बसलं होतं असं सांगणाऱ्यांनी ही घटना वाचावी. कंपनीला राज्य हवं होतं. एका पोराच्या विवेकस्वातंत्र्यासाठी राजाशी बिघडवून घेणं तिला परवडणारं नव्हतं.

असंच प्रकरण मुंबईत १८४३ मध्ये झालं होतं. नारायण आणि श्रीपत शेषाद्री हे ब्राह्मण भाऊ. थोरला नारायण ख्रिस्ती झाला. धाकटा श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला होता, पण तो अज्ञान म्हणून कोर्टाने बापाच्या ताब्यात दिला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यायचं की नाही, यावर ब्राह्मणांत केवढा कल्लोळ! बाळशास्त्री जांभेकर घ्या म्हणत होते, कर्मठ नको म्हणत होते. एका बारा वर्षांच्या मुलाच्या जेवणाने जात बाटते की नाही यावर मुंबईतले विद्वान महिनोन् महिने भांडले. त्याच मुंबईत महार-मांगांची पोरं शाळेबाहेर उभी होती, पण त्यांच्यासाठी कल्लोळ झाला नाही.

नारायण शेषाद्रीचं पुढचं आयुष्य मात्र वेगळं गेलं. तो पाद्री झाला आणि जालन्याला गेला, आपल्या वऱ्हाडाच्या शेजारी. तिथे त्याने मांग आणि महार समाजात काम केलं. निजामाच्या दिवाणाकडून, सालारजंगाकडून, जमीन मिळवून 'बेथेल' नावाचं गाव वसवलं. ब्राह्मणाला आधी धरा म्हणजे खालचे मागून येतील, या सिद्धांतातून बाहेर पडलेला हा माणूस मांगवाड्यात जाऊन बसला. पण तो अपवाद. सिद्धांत अपवादावर तोलत नसतात.

हिस्लॉपच्या बाबतीत १८५७ टाळता येत नाही. नागपुरात १३ जूनला उठाव होणार असल्याची कुणकुण त्याला एका मुसलमान मित्राकडून लागली आणि त्याने ती अधिकाऱ्यांना कळवली. राष्ट्रवादी इतिहासकार इथे त्याला गद्दारांच्या बाजूला उभं करून मोकळे होतात. आपण जरा थांबू या. ते बंड यशस्वी होऊन पेशवाई परत आली असती तर शूद्र-अतिशूद्रांचं काय झालं असतं, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी विचारून ठेवला आहे. त्यामुळे १८५७ ची कसोटी आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. दुसरं म्हणजे, १८५४ मध्ये नागपूर खालसा झाल्यावर तिथल्या इंग्रजी कारभारातल्या गैरप्रकारांवर वर्तमानपत्रातून सर्वांत जास्त तोफ डागली ती याच हिस्लॉपने. १८६१ मध्ये मध्य प्रांत वेगळा निघाला आणि रिचर्ड टेंपल तिथे आला, त्यामागच्या कारणांत त्याच्या लिखाणाचाही वाटा धरला जातो. दलाल असं लिहीत नाही. पण तो राज्याचा विरोधकही नव्हता. राज्य सुधारावं एवढंच त्याचं म्हणणं.

आता ज्या कामामुळे मला हा माणूस आवडतो, ते सांगतो. त्याला दगडांचा नाद होता. घोड्यावरून प्रचाराला निघाला की हातोडी सोबत. नागपूरजवळ टाकळीला काळ्या खडकाच्या थरांमध्ये त्याला गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांचे जीवाश्म सापडले. लाव्हारस एकदम ओतला गेला नाही, मधल्या काळात इथे तळी होती, जीव होते, याचा तो पुरावा. चंद्रपूरकडे मांगलीला एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. रिचर्ड ओवेन या नामांकित शास्त्रज्ञाने तिचं वर्णन १८५५ मध्ये प्रसिद्ध केलं. एका खनिजाला 'हिस्लोपाइट' असं त्याचंच नाव आहे. विदर्भाच्या भूगर्भाचा पहिला नीट आराखडा हिस्लॉप आणि हंटरने लिहिला.

पण आपल्या दृष्टीने दगडांपेक्षा माणसं मोठी. मध्य भारतातल्या आदिवासींविषयी त्याने वर्षानुवर्षं टिपणं केली. गोंडांचा लिंगो, त्याने गोंडांना कसं सोडवलं, कुळं कशी पाडली, ही सगळी गाथा एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतली. परधान म्हणजे गोंडांचा गाणारा, त्यांचा इतिहास तोंडपाठ ठेवणारा. शिवाय शब्दांची तुलनात्मक यादी केली. तिच्यात गोंडी आहे, कोलामी आहे, माडिया आहे, कैकाडी आहे आणि 'कुरी' म्हणजे आपल्या मेळघाटातली कोरकू आहे. हे सगळं त्याच्या मृत्यूनंतर टेंपलने १८६६ मध्ये छापलं.

कैकाडी भाषेचे शब्द कोणी तरी कागदावर लिहून ठेवत होता, त्या काळात! पाच वर्षांनी, १८७१ मध्ये, सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे कैकाड्यांसह किती तरी भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. एकाच राज्यातल्या एका माणसाला त्यांच्यात भाषा दिसली आणि दुसऱ्यांना चोर दिसले. अर्थात या नोंदींनाही दुसरी बाजू आहे. त्या परधानाचं नाव पुस्तकाच्या कपाळावर नाही. गाथा त्याची, नाव साहेबाचं. आपल्या पूर्वजांच्या बाबतीत हे इतक्या वेळा झालंय की आता कोणी दचकतही नाही.

४ सप्टेंबर १८६३. टेंपलसोबत तो टाकळघाटला गेला होता. तिथे महापाषाण युगातली दगडी वर्तुळं आहेत, म्हणजे प्राचीन दफनांची जागा. पुढे १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाने तिथे रीतसर उत्खनन केलं. परत येताना हिस्लॉप बोरीला एका शाळेची परीक्षा घ्यायला थांबला. टेंपल पुढे गेला. अंधारात नाला भरून आला होता. घोडा आला, स्वार आला नाही. वय अजून सेहेचाळीसही पूर्ण नव्हतं.

त्याच्या शाळेच्या परंपरेतून १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज निघालं. आधी कलकत्ता विद्यापीठाला जोडलेलं, १९२३ पासून नागपूर विद्यापीठाला. वऱ्हाडात तर अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज निघायला १९२३ उजाडलं. तोवर आपल्या भागातल्या मुलाला बी.ए. व्हायचं तर नागपूर गाठावं लागे. कोणाच्या बापाला ते परवडत होतं?

कॉलेज निघण्याच्या एकच वर्ष आधी, १९ ऑक्टोबर १८८२ ला, जोतीरावांनी हंटर कमिशनला निवेदन दिलं (हा सर विल्यम हंटर, आपला पाद्री हंटर नव्हे). वरच्यांना शिकवलं की ज्ञान खाली झिरपेल, या कल्पनेवर त्यांनी थेट प्रहार केला. महसूल कुणबी-माळी भरतो आणि त्या पैशावर ब्राह्मण शिकतो, हा हिशेब मांडला. आणि जोतीराव स्वतः कुठे शिकले? १८४१ ते १८४७ पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत, म्हणजे हिस्लॉपच्याच पंथाच्या लोकांकडे. हे उपकार म्हणून सांगत नाही. सांगायचं ते असं, की मिशनचा नेम ब्राह्मणावर होता आणि गोळी भलतीकडेच लागली. ज्याच्यासाठी शाळा काढली त्याने इंग्रजी घेतलं, मामलेदारी घेतली, ख्रिस्त आणि समता दोन्ही तिथेच ठेवून घरी गेला. कोपऱ्यात बसलेल्या माळ्याच्या पोराने मात्र मुद्दा उचलला आणि १८४८ ला मुलींची शाळा काढली, पुढे महार-मांगांसाठी काढली. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ मध्ये छापला तोही अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय'ने.

मग त्या दिवशी भांडणारे दोघेही अर्धे बरोबर होते का? मी म्हणेन, दोघांनीही प्रश्नच चुकीचा धरला होता. मिशनरी चांगले की वाईट, हा प्रश्न नाही. बाबासाहेबांनी तो कसा विचारला ते बघा. ख्रिस्ती धर्मांतरावर त्यांचे दोन निबंध आहेत. त्यांच्या हयातीत ते छापले गेले नाहीत. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आहेत, जरूर वाचा. त्यात ते मिशनऱ्यांच्या सेवेला नावं ठेवत नाहीत. ते विचारतात, शाळा-कॉलेजं-दवाखान्यांवर एवढा पैसा ओतला त्याचा फायदा कोणी उचलला? उत्तर: उच्चवर्णीय हिंदूंनी. आणि जो अस्पृश्य खरोखर ख्रिस्ती झाला तो मात्र तसाच मागे राहिला, चर्चच्या बाकावरसुद्धा जात त्याच्या मागोमाग आली. आधी ब्राह्मणाला गाठायचं ही सुरुवातीच्या मिशनऱ्यांची पद्धतच चुकली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात भारतीय ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी तोंडावर सांगितलं, की मिशनने शिक्षण आणि आरोग्यात काम केलं, पण तुम्ही राजकारणात लढला नाहीत म्हणून तुमचं म्हणणं कोणी ऐकत नाही.

नागपुरातलंच आणखी एक उदाहरण घ्या. जाईबाई चौधरी. महार समाजातली बाई, नागपूर-कामठीच्या रस्त्यावर डोक्यावरून ओझी वाहणारी हमाल. तिला वाचता येतं हे कळल्यावर मिस ग्रेगरी या मिशनरी बाईने तिला महिना ४ रुपयांवर शाळेत शिक्षिका नेमलं. बाटलेली बाई आपल्या पोरांना शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी बहिष्कार घातला आणि जाईबाईची नोकरी गेली. इथे मिशनरी बाई मनाने खोटी नव्हती. पण शाळा सवर्णांच्या मुलांवर उभी होती, म्हणून निकाल सवर्णांच्या बाजूने लागला. जाईबाई रडत बसल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली, संत चोखामेळा कन्याशाळा. त्या शाळेतून कोणी जाईबाईंना काढू शकत नव्हतं.

आणि कामठी. जिथे हिस्लॉप छावणीत प्रवचन करायचा, त्याच कामठीत १९०४ मध्ये बाबू हरदास एल. एन. जन्मले. 'जय भीम' हे अभिवादन त्यांनी रुजवलं. पस्तिसाव्या वर्षी गेले, १९३७ ची निवडणूक स्वतंत्र मजूर पक्षातर्फे जिंकून.

एक आक्षेप मला हमखास येईल, म्हणून आधीच घेतो. 'कॉलेज आधी' ही पद्धत चुकीची, असं तुम्ही म्हणता, मग बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० ला औरंगाबादचं मिलिंद कॉलेज का उभारलं? प्राथमिक शाळा का नाही? प्रश्न रास्त आहे. डफ, विल्सन, हिस्लॉप यांना एक गोष्ट बरोबर कळली होती: समाज हलवायचा तर उच्च शिक्षण हातात पाहिजे. चूक होती ती बाकावर कोणाला बसवलं यात. बाबासाहेबांनी हत्यार तेच ठेवलं आणि बाकावरचा माणूस बदलला. झिरपण्याची वाट पाहायची नाही, खालच्यालाच सर्वांत वर बसवायचं. मिलिंदमध्ये वऱ्हाड-मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली पोरं बसली आणि पुढच्या वीस वर्षांत मराठी साहित्याचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचं जुनं मिशन रुग्णालय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एलिचपूर भागात कोरकूंसाठी जे मिशन उभं राहिलं, त्याच काळातलं हे काम. तिथे मात्र नेम ब्राह्मणावर नव्हता. ज्याला त्याच्या घरच्यांनीही बाहेर काढलं त्याच्यासाठी खाट होती. म्हणून सगळ्या मिशनऱ्यांना एकाच मापाने मोजणाऱ्यांनी आधी कोठाऱ्याला जाऊन यावं. पण खाट मिळणं वेगळं आणि खुर्ची मिळणं वेगळं. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवलं, तेव्हा त्याच्यासाठी संसदेत उठून बोलणारं बळ कोणत्याच मिशनने घडवलेलं नव्हतं. बौद्धांनाही ती सवलत १९९० ला मिळाली, तीही वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर.

पुढच्या वाचनाला टेंपलने छापलेली हिस्लॉपची टिपणं घ्यायची ठरवली आहेत. मेळघाटातले दोन कोरकू विद्यार्थी येणार आहेत. दीडशे वर्षांपूर्वी एका स्कॉटिश पाद्र्याने त्यांच्या आजोबा-पणजोबांचे शब्द कसे ऐकले आणि कुठे चुकीचे लिहिले, ते तेच आम्हाला सांगतील. त्या दिवशी भांडणारे दोघेही येणार आहेत. या वेळी सालं पाठ करून.

जय भीम.